नाइट स्टॉकर्स
अमेरिकेच्या भूसेनेची १६०वी विशेष मोहीम हेलिकॉप्टर रेजिमेंट. मुख्यालय फोर्ट कॅम्पबेल, केंटकी. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली आणि रात्री, कमी उंचीवरून उड्डाण करणाऱ्या प्रशिक्षित वैमानिकांची उणीव प्रकर्षाने जाणवली. त्यातून १९८१ मध्ये हे दल बटालियन म्हणून उभे राहिले. १९९० मध्ये ते रेजिमेंट झाले. विशेष पथकांना शत्रूच्या प्रदेशात उतरवणे, सुखरूप परत आणणे व हवेतून मारा करणे ही त्याची प्रमुख कामे. त्यांसाठी चिनूक, ब्लॅक हॉक व ‘लिटल बर्ड’ ही हेलिकॉप्टरे वापरतात. ग्रेनेडा (१९८३) व पनामा (१९८९) येथील कारवायांत त्याचा सहभाग होता. १९९३ मध्ये मोगादिशूत त्याची दोन ब्लॅक हॉक पाडली गेली. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनविरुद्धच्या अबोटाबाद मोहिमेत नौदलाच्या सील पथकाला याच रेजिमेंटच्या वैमानिकांनी नेले.