बाटलीचं वय कोण ठरवतं?

मी घिवलीचा. आमच्याकडे तारापूरचा अणुवीज प्रकल्प म्हणजे शेजारीच. आजची गोष्ट मात्र वाईनच्या एका बाटलीची आहे. ती फिरून आमच्या दारात येते, तेवढं शेवटपर्यंत ऐका.

५ डिसेंबर १९८५, लंडन. क्रिस्टीजच्या लिलावात एक बाटली आली. फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाईन, शातो लाफीत, साल १७८७. काचेवर कोरलेलं, ‘टीएच. जे.’ म्हणजे थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते. त्या काळात ते पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि बोर्दोच्या वाईनचे शौकीन होते, हे खरंच आहे. हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाचं म्हणणं असं, की पॅरिसमधल्या एका बुजवलेल्या तळघरात या बाटल्या सापडल्या. तळघर नेमकं कुठलं? ते त्याने सांगितलं नाही. तरी बोली १,०५,००० पौंडांवर गेली आणि फोर्ब्स कुटुंबाने बाटली घेतली.

आता बघा, दोनशे वर्षांची वाईन प्यायला कोण घेतं? पैसे त्या दोन अक्षरांचे होते.

१९८८ मध्ये बिल कोक या अमेरिकन उद्योगपतीने अशाच चार बाटल्या घेतल्या. २००५ मध्ये त्या बॉस्टनच्या संग्रहालयात मांडायच्या होत्या, म्हणून पुरावे शोधायला घेतले. जेफरसन पै-पैचा हिशेब लिहिणारा माणूस. त्यांचं घर जपणारी संस्था म्हणाली, आमच्या कागदपत्रांत या बाटल्यांचा पुरावा नाही.

मग आलं फिजिक्स. सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ अणुस्फोटात तयार होतो, अणुभट्टीतही. १९४५ पासून अणुस्फोट सुरू झाले, तो हवेत पसरला, पावसाबरोबर द्राक्षांच्या मळ्यांवर उतरला. नंतरच्या वाईनमध्ये त्याचा अंश सापडतो. त्याचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात, त्यामुळे बूच न काढता मोजता येतं. फिलिप ह्युबेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने आल्प्सच्या पोटातल्या प्रयोगशाळेत कोकची बाटली तपासली. सीझियम सापडलं नाही.

म्हणजे खरी? थांबा. एवढंच कळलं, की वाईन अणुयुगाच्या आधीची. ती १९३० ची असती तरी रिझल्ट हाच आला असता. टेस्ट पास झाली म्हणजे कोडमध्ये बग नाही असं होत नाही, तसंच हे.

उत्तर वाईनमध्ये नव्हतंच, काचेवर होतं. कोकच्या तज्ज्ञांनी ती अक्षरं भिंगाखाली बघितली आणि सांगितलं, ही विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरली आहेत. जेफरसनच्या काळात असं हत्यार कुठलं! २००६ मध्ये कोकने रोडेनस्टॉकवर खटला भरला. रोडेनस्टॉकने आरोप नाकारले.

आता आमच्या दारात या. आजोबांच्या जाळ्यात कधीतरी एक जाड, हिरवी बाटली आली होती. आजी त्यात कडुलिंबाचं तेल ठेवायची. होडीचं इंजिन बंद पडलंय, म्हणून दादाने तिचा फोटो ऑनलाइन टाकला, ‘पोर्तुगीजकालीन बोर्दो वाईनची बाटली, तारापूर किल्ल्याजवळ सापडलेली’. एक जण पंधरा हजार द्यायला तयार झाला.

मी बाटली उजेडात धरली. साच्याची शिवण बुडापासून थेट तोंडाच्या काठापर्यंत गेलेली. अशी शिवण यंत्रावर बनलेल्या बाटलीला असते आणि ती यंत्रं विसाव्या शतकात आली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला तो जानेवारी १७३९ मध्ये. पोर्तुगीज गेल्यावर दीडशेहून जास्त वर्षांनी ही बाटली जन्मली.

दादा म्हणाला, “घेणाऱ्याला कुठे कळतंय?”

कळत नाही, हेच तर रोडेनस्टॉकच्या गिऱ्हाइकांचं झालं होतं. आणि आमच्या किनाऱ्याचा इतिहास आधीच थोडा लिहिलेला. त्यात आपणच खोटं घुसवलं तर उद्या आपलं खरंही कोण मानेल?

रात्री दादाने जाहिरात बदलली, ‘समुद्रात सापडलेली जुनी बाटली’. आता भाव आहे चारशे रुपये. इंजिनाचे पैसे आम्ही भाऊ मिळून भरतोय.

तुमच्या घरातल्या ‘शंभर वर्षं जुन्या’ वस्तूची शिवण एकदा बघा. भेटू पुढच्या भागात!