रबरही जुनं, गंधकही जुनं. मग शोध कसला?

रबराच्या मिश्रणाचं पेटंट वाचायला घेतलं की दावा एखाद्या पाककृतीसारखा वाटतो. रबर इतके भाग, गंधक इतके भाग, अमुक तापमान. यातला एकही घटक नवा नसतो. मग पेटंट कशाचं? कायद्याच्या भाषेत विचारायचं तर, त्या विषयातल्या सामान्य जाणकाराला हे सहज सुचलं नसतं का? रबराच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली कृती घेऊन हा प्रश्न तपासून बघू.

चार्ल्स गुडइयरचं अमेरिकन पेटंट १५ जून १८४४चं, क्रमांक ३६३३. कृती अशी: रबर २५ भाग, गंधक ५ भाग, शिशाचा सफेदा ७ भाग, आणि मग साधारण २७० अंश फॅरनहाइटची, म्हणजे १३२ अंश सेल्सिअसची उष्णता. आज कुठलाही पॉलिमरचा विद्यार्थी सांगेल की उष्णतेमुळे रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात. त्यामुळे ही कृती आपल्याला उघड वाटते. पण हे ज्ञान आजचं आहे. निवाडा मात्र त्या काळच्या माणसाला काय माहीत होतं, यावर व्हायला हवा.

तर तेव्हा काय माहीत होतं? गंधक माहीत होतं. जर्मनीत ल्यूडर्सडॉर्फनं १८३२ सालीच नोंदवलं होतं की गंधकानं रबराचा चिकटपणा कमी होतो. अमेरिकेत नॅथॅनिअल हेवर्ड रबराला गंधक लावून ते उन्हात ठेवायचा. त्याचं पेटंट १८३९चं, आणि तेही गुडइयरनंच विकत घेतलेलं. म्हणजे दाव्याचा अर्धा भाग आधीच उघड होता.

खरी मेख उष्णतेत आहे. त्या काळच्या रबरवाल्याला उष्णता चांगलीच ठाऊक होती, पण शत्रू म्हणून! रबराचे बूट आणि कोट उन्हाळ्यात लिबलिबीत व्हायचे. खुद्द गुडइयरनं केलेल्या टपालाच्या पिशव्या उष्णतेनं बिघडल्या होत्या. अशा माणसाला ‘रबर आणखी तापव’ हा सल्ला सहज सुचेल? सगळा अनुभव उलटंच सांगत होता. १८३९मध्ये गंधक मिसळलेला तुकडा तापल्यावर वितळला नाही, उलट चामड्यासारखा करपला, तेव्हा गुडइयर थबकला. नेमकी किती उष्णता हवी हे ठरवण्यात मग काही वर्षं गेली.

याच्या शेजारी दुसरी केस ठेवा, तीही रबराचीच. पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसवण्याचं पेटंट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८७५मध्ये रद्द ठरवलं. पेन्सिल लिहिते, रबर खोडतं. एकत्र आल्यानं दोघांच्या कामात काहीच नवं घडत नाही. गुडइयरच्या मिश्रणात मात्र जे रबर उष्णतेनं वितळायचं, तेच आता उष्णता सोसू लागलं. अपेक्षेच्या उलट निकाल हाच इथला पुरावा.

गंमत म्हणजे गुडइयरच्या काळी कायद्यात ‘उघड’ हा शब्दच नव्हता. अमेरिकन पेटंट कायद्यात तो १९५२मध्ये आला. १८५२मध्ये ट्रेन्टनला होरेस डेविरुद्धचा खटला गुडइयर जिंकला (वकील डॅनिअल वेब्स्टर!), तेव्हा वाद होता तो पहिला शोधक कोण याचा.

आणि हीच कसोटी उलटीही फिरते. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनं गुडइयरच्या रबराचे नमुने पाहिले होते आणि त्याच्याआधी तिथे अर्ज केला. पुढे १८५५च्या सुमारास खटला झाला, तेव्हा रसायनतज्ज्ञांनी साक्ष दिली की नुसता नमुना तपासून त्यामागची प्रक्रिया कळणं शक्य नाही. हॅनकॉकचं पेटंट टिकलं. गुडइयर १८६० साली वारला, तो डोक्यावर मोठं कर्ज ठेवून.

म्हणून रबराच्या मिश्रणाचा दावा समोर आला की घटकांच्या यादीवर लगेच काट मारू नका. घटक जुने आहेत का, एवढंच विचारून भागत नाही. ते त्या प्रमाणात आणि त्या तापमानाला एकत्र करावेत, असं अर्जाच्या तारखेआधी कुणाला कशावरून वाटलं असतं? याचं उत्तर जुन्या कागदांत सापडलं, तर पेटंट देणं म्हणजे सगळ्यांच्या मालकीची गोष्ट एकाच्या हवाली करणं. नाही सापडलं, तर ‘हे तर सोपं होतं’ ही आपली पश्चातबुद्धी, आणि तिची किंमत कुणाच्या तरी कित्येक वर्षांच्या कष्टांना मोजावी लागते.