दप्तरात नसलेली दादी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घराण्यांचा माग उर्दू आणि मोडी कागदांत दडलेला आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि ही दप्तरे पुन्हा उघडली. पणजोबांच्या नावापुढच्या एका शब्दाला नातवाच्या शिक्षणासाठी मोल आले.

आम्हा मुसलमानांत आडनावच पुष्कळदा पूर्वजांचा धंदा सांगते. आतार अत्तर विकणारा, पिंजारी कापूस पिंजणारा, तांबोळी पानाचा. मुलाणी तर गावगाड्यातला बलुतेदारच.

पण कागद बहुधा जमिनीचा, साऱ्याचा आणि कर्त्या पुरुषाचा. माझी दादी त्यात कुठेच नाही. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मिळालेली सुकडी पदरात बांधून नातवंडांसाठी आणायची. तिने सांगितले म्हणून हे मला ठाऊक.

दप्तरे सरकार सांभाळील. घरातल्या म्हाताऱ्या बायांना मात्र आपणच विचारायचे आणि लगेच वहीत उतरवायचे. सुरुवात सोपी आहे : तुझे माहेर कोणते, आणि तुझ्या आईचे नाव काय?