मिलिंद राजाने प्रश्न विचारले, मग आमच्या मुलांनी का विचारू नयेत?

मागच्या संविधान दिनाला आम्ही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या हायस्कुलात बोलायला गेलो होतो. विषय शाळेनेच दिला होता : विद्यार्थी आणि नागरी जबाबदारी. उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाले, स्वच्छतेची शपथ झाली, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला गेला. भाषण संपल्यावर आम्ही विचारले, कुणाला काही विचारायचे आहे का? नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, दर शनिवारी मुलींचं स्वच्छतागृह धुवायला आमच्याच वस्तीतल्या मुलींची नावं का येतात?"

सभागृहात एकदम शांतता पसरली. एक शिक्षक उठले आणि म्हणाले, "बाळ, आज जबाबदारीचा विषय आहे, तक्रारीचा नाही. खाली बस." मुलगी खाली बसली. आभारप्रदर्शन झाले, राष्ट्रगीत झाले, कार्यक्रम संपला.

आमचे म्हणणे एवढेच आहे की त्या दिवशी त्या सभागृहात नागरी जबाबदारी पार पाडणारी व्यक्ती एकच होती, आणि तिलाच खाली बसवण्यात आले.

शाळांमध्ये जबाबदारी म्हणजे काय शिकवले जाते? रांगेत उभे राहा, गणवेश घाला, झाडे लावा, फेरी काढा, मोठ्यांना उलट बोलू नका. यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. पण हे सगळे आज्ञाधारक प्रजेचे गुण आहेत. प्रजा आणि नागरिक यात फरक आहे. प्रजा हुकूम पाळते. नागरिक कायदा पाळतो, आणि तो सगळ्यांना सारखा लागू होतो की नाही हेही पाहतो.

थोडा इतिहास पाहू. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी जे संविधान स्वीकारले गेले, त्यात नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा भागच नव्हता. हक्क होते, अस्पृश्यता संपवणारे सतरावे कलम होते. कर्तव्यांची यादी आली ती १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे आणीबाणीत, हजारो माणसे तुरुंगात असताना आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप असताना! आम्ही कर्तव्यांच्या विरोधात नाही. पण हक्क गुंडाळून ठेवून कर्तव्याचे पाठ द्यायची सवय सत्तेला कधीपासून आहे, हे मुलांना कळले पाहिजे. गंमत अशी की, पाठ्यपुस्तकात छापलेली ही यादी नीट वाचली, तर वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि जिज्ञासूवृत्ती अंगी बाळगणे हेही तिथे कर्तव्यच सांगितले आहे. म्हणजे त्या मुलीने प्रश्न विचारून कर्तव्य केले. तिला गप्प करणाऱ्यांनी ते मोडले.

आमच्या परंपरेत शाळकरी मुलांनी प्रश्न विचारणे नवे नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मातंग समाजाची मुलगी. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. शाळेत जेमतेम तीन वर्षे काढलेल्या मुलीने अख्ख्या धर्मव्यवस्थेला जाब विचारला. ही महाराष्ट्रातल्या विद्यार्थी-नागरिकाची सुरुवात आहे.

पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे कशावर होतात? बाबासाहेबांच्या पदव्यांवर, अठरा-अठरा तासांच्या अभ्यासावर. ज्या गोणपाटावर त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे, जे रोज घरून आणावे आणि घरी न्यावे लागे, त्या गोणपाटावर कुणी बोलत नाही. शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे, त्यावर बोलत नाही. कारण गोणपाटावर बोलले, तर शनिवारच्या यादीवरही बोलावे लागेल.

आता आपल्या शहराकडे या. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात शिक्षणाचा दुष्काळ होता. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, विद्यापीठ दूर हैदराबादला, आणि पदवीपर्यंत शिकायचे तर या भागात महाविद्यालय नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली तिचे महाविद्यालय औरंगाबादला सुरू केले. पुढे त्याच परिसरात हायस्कूलही उभे राहिले. या परिसराला नाव मिळाले नागसेनवन, आणि महाविद्यालयाला मिलिंद.

ही नावे सहज पडलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर. आपल्याशी वाद घालायला कुणी उरला नाही, असा त्याला गर्व होता. भदंत नागसेन त्याला म्हणाले, तुम्ही पंडितासारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजासारखी करणार असाल तर नाही. पंडिताची चूक दाखवली तर तो राग धरत नाही. राजाला विरोध केला तर तो शिक्षा फर्मावतो. राजाने अट मान्य केली. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात त्याने प्रश्नामागून प्रश्न विचारले आहेत, आणि नागसेनांनी उत्तरे दिली आहेत. बाबासाहेबांनी शाळा-कॉलेजच्या परिसराला या दोघांची नावे दिली, याचा अर्थ उघड आहे. इथे विचारणारा लहान नाही आणि उत्तर देणारा राजा नाही.

या मातीतून कोण घडले? प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक रंगमंचावर आणणारे विद्यार्थी घडले. गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' घडले. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेली, घरातली पहिलीच शिकणारी पिढी वसतिगृहात राहून लिहू लागली, बोलू लागली. आणि याच पिढीने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्या, ही मागणी लावून धरली.

इथे आम्हाला एक तुलना करायची आहे. १९३८ साली याच शहरातल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या मुलांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. चळवळ उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेली, विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले, अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्यांना आपण देशभक्त म्हणतो आणि ते योग्यच आहे. मग चाळीस वर्षांनी त्याच शहरात एका नावासाठी तुरुंगात गेलेल्या, लाठ्या खाल्लेल्या मुलांना 'शिक्षण सोडून राजकारण करणारे' का म्हटले गेले?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे मारले गेले. खरी गोष्ट अशी की, ठरावाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांतही विद्यार्थी होते. त्यांचेही मोर्चे होते, घोषणा होत्या. म्हणून आम्ही म्हणतो, विद्यार्थी रस्त्यावर उतरला एवढ्याने तो जबाबदार नागरिक होत नाही. कुणाचा जन्मसिद्ध मोठेपणा टिकवायला उतरला, की सगळ्यांना समान माणूसपण मिळावे म्हणून उतरला, ही कसोटी आहे. तो ठराव अर्धामुर्धा अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, तेही नामांतर नाही तर नामविस्तार. सोळा वर्षे एका पिढीने किंमत मोजली.

आज काय करायचे? महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शाळांमध्ये उद्देशिका वाचायची आहे. पण नुसते वाचून भागणार नाही. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता या चार शब्दांपैकी आज आपल्या शाळेत कोणता पाळला गेला नाही, हे विचारायची मुभा मुलांना द्या. पालकांनो, शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित शाळांतही व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. तुमच्या वस्तीतून तिथे कोण आहे? सही करायला आहे की बोलायला? जयंतीच्या मिरवणुकीला आपण शेकड्याने जमतो, मग समितीच्या बैठकीला दोघे तरी जाऊ या.

कुणी म्हणेल, झाडू हातात घेण्यात कमीपणा कसला? अजिबात नाही. सगळ्यांच्या हातात द्या, आमची मुलेही घेतील. आमचा आक्षेप झाडूला नाही, नावांच्या यादीला आहे.

त्या मुलीच्या पालकांसोबत आम्ही नंतर मुख्याध्यापकांना भेटलो. आता पाळी हजेरी क्रमांकाने लागते, असे आम्हाला सांगण्यात आले. खरोखर तशी लागते की नाही, हे येत्या संविधान दिनाला आम्ही तिलाच विचारणार आहोत, आणि या वेळी तिला कुणी खाली बसवणार नाही.

जय भीम! जय संविधान!