कयाकची उलांडी

कयाकची उलांडी म्हणजे मासेमारीच्या कयाकला स्थैर्य देण्यासाठी तिच्या बाजूला आडव्या दांड्याने जोडलेला तरंगक होय. कयाक ही वल्ह्याने चालवायची अरुंद होडी असून तिचे मूळ आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट व संबंधित लोकांच्या शिकारी होड्यांत आहे. आधुनिक मासेमारी कयाक बहुधा पॉलिएथिलीनची, वर उघडे आसन असलेली असते. तीत उभे राहून गळ टाकणे, मागे वळून सामान काढणे किंवा जड मासा एका बाजूने आत ओढणे या हालचालींत तोल जाण्याचा धोका असतो. म्हणून अनेक हौशी मासेमार घरीच उलांडी तयार करून बसवतात.

पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नाही. पॅसिफिक महासागरातील बेटांवर एका बाजूला तरंगक असलेल्या होड्या प्राचीन काळापासून वापरात आहेत. फिलिपिन्समधील बांगका या होडीला तो दोन्ही बाजूंना, तर श्रीलंकेतील ओरू या होडीला एकाच बाजूला असतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील मासेमारी होड्यांनाही एका बाजूला असा ओंडका बांधतात. मराठीत त्याला उलांडी म्हणतात आणि तोच शब्द येथे वापरला आहे. पारंपरिक होडीची बांधणी उलांडी गृहीत धरूनच होते, कयाकला मात्र ती नंतर जोडली जाते. घरगुती उलांडीच्या बहुतेक अडचणी या फरकातून उद्भवतात.

कार्यतत्त्व

कयाक कलली की त्या बाजूचा तरंगक पाण्यात दाबला जातो आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल त्याला वर ढकलते. हे बल मध्यरेषेपासून जितके दूर, तितका त्याचा परिणाम अधिक. येथे दांडा तरफेचे काम करतो. उदाहरणार्थ, 110 मिमी बाह्य व्यासाचा व 1 मीटर लांबीचा, दोन्ही टोके बंद केलेला पीव्हीसी पाइप पूर्ण बुडाल्यास सुमारे 9.5 लिटर पाणी बाजूला सारतो. असे दोन पाइप मध्यरेषेपासून 75 सेंमी अंतरावर दोन्ही बाजूंना असतील, तर त्यांची वजने एकमेकांना तोलतात. अशा वेळी 80 किलो वजनाच्या व्यक्तीचा भार सुमारे 9 सेंमी बाजूला सरकल्याने निर्माण होणारा उलटवणारा जोर एकटा बुडालेला पाइप पेलू शकतो. कयाकचे स्वतःचे स्थैर्य याखेरीज. दांड्याची लांबी निम्मी केल्यास आधारही निम्मा होतो. त्यामुळे जवळ बसवलेल्या जाड तरंगकापेक्षा दूर बसवलेला बारीक तरंगक अनेकदा अधिक उपयोगी ठरतो.

महत्त्वाची बाब अशी की, तरंगक पूर्ण बुडाल्यानंतर त्याचा आधार वाढत नाही. त्या क्षणापर्यंत होडी भक्कम वाटते, नंतर ती अचानक उलटू शकते.

घरगुती बांधणी

तरंगकासाठी बंद पीव्हीसी पाइप, मासेमारीच्या जाळ्याचे बोये किंवा फोमचे ठोकळे वापरतात. पोकळ पाइपचा सांधा निकामी झाल्यास त्यात पाणी शिरते, म्हणून आत फोम भरणे श्रेयस्कर असते. उन्हात तापल्यावर आतील हवा प्रसरण पावते व सांध्यांवर ताण येतो, हेही लक्षात घ्यावे लागते. दांड्यासाठी ॲल्युमिनियमची नळी चांगली, कारण बारीक पीव्हीसी नळी भाराखाली वाकते आणि तरंगक हवा तेव्हा आधार देत नाही.

जोडणीची जागा शक्यतो आसनाच्या मागे ठेवतात. पुढे बसवलेली उलांडी वल्ह्याला अडते. होडी समतल असताना तरंगक पाण्याच्या पृष्ठभागापासून किंचित वर ठेवल्यास विनाकारण रोध होत नाही, मात्र आधार मिळण्यापूर्वी होडी थोडी कलते. पॉलिएथिलीनला सामान्य गोंद नीट चिकटत नाही. त्यामुळे बोल्ट वापरावे लागतात, आतून रुंद पट्टी देऊन भार पसरवावा लागतो व प्रत्येक छिद्र जलरोधक करावे लागते. गळाची काठी रोवण्याच्या खाचेत दांडा बसवण्याची पद्धत सोपी आहे. परंतु ती खाच एवढा ताण सोसेल, याची खात्री आधी करणे आवश्यक असते.

मर्यादा व धोके

उलांडीमुळे वळणे जड होते, वेग घटतो, दोरा अडकतो आणि अरुंद जागेतून होडी नेणे कठीण होते. फुटणाऱ्या लाटांत तर ती अपायकारक ठरू शकते: लाट तरंगकाला धरते आणि दांडा तरफेप्रमाणे जोडणीवर किंवा होडीच्या कवचावर जोर देतो. दोन्ही बाजूंना उलांडी असलेली कयाक उलटली तर ती उलट्या स्थितीतही स्थिर राहते व पाण्यातून सरळ करणे अवघड जाते. त्यामुळे ती संथ तलाव, खाडी व मंद नद्यांसाठीच योग्य मानावी. जीवरक्षक जाकीट आणि पाण्यातून पुन्हा होडीत चढण्याचा सराव यांची जागा ती घेऊ शकत नाही.

नवी उलांडी प्रथम किनाऱ्यालगत, कमरेइतक्या पाण्यात तपासली जाते. सोबत दुसरी व्यक्ती ठेवून आणि जाकीट घालून होडी दोन्ही बाजूंना हळूहळू कलवली, की तरंगक कोणत्या कलानंतर पूर्ण बुडतो हे प्रत्यक्ष कळते.