आपली मुले कोणी वाढविली?

कोणत्याही घराण्याचा कुलवृत्तांत उघडून पाहावा. मूळ पुरुष कोण, तो कोठून व केव्हा आला, वतन कोणते मिळाले, कुलदैवत कोणते, हे त्यात सविस्तर दिलेले असते. कर्त्या पुरुषांची कर्तबगारी असते. अलीकडच्या आवृत्त्यांत मुलींची व सुनांची शिक्षणेही येऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या सर्वांस लहानपणी न्हाऊ कोणी घातले, गोवर आला तेव्हा रात्री कोणी जागून काढल्या, आई बाळंतरोगाने गेली तेव्हा दूध कोणाचे मिळाले, याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. या न लिहिलेल्या बाजूचा थोडा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आज पाळणाघर, घरी येऊन बाळ सांभाळणाऱ्या मावशी, अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या उशाशी बसणाऱ्या सेविका यांवाचून शहरांतील आपली कित्येक कुटुंबे चालत नाहीत. आणि ‘पूर्वी हे सारे घरातल्या घरात होत असे, पैसे मोजून माया आणण्याची रीत नवी’ असे आपण सहज बोलून जातो. हे म्हणणे कितपत खरे आहे ते पाहिले पाहिजे.

छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. मातोश्री सईबाईसाहेबांची प्रकृती नाजूक. बाळाच्या दुधाची सोय व्हावी म्हणून कापूरहोळच्या गाडे पाटील घराण्यातील धाराऊ हिला आणण्यात आले. १६५९ मध्ये सईबाईसाहेब निवर्तल्या. आजही धाराऊचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. परंतु हे राजघराण्यात घडले म्हणून ते नाव टिकले. गावोगावच्या वाड्यांतून ज्या दूधआया आल्या, राहिल्या आणि मूल पायावर उभे राहताच परत गेल्या, त्यांचे नाव त्या घरच्या वहीत लिहिण्याचे कोणास सुचले नाही.

दूधआई ही अडीअडचणीची सोय. सुईण मात्र प्रत्येक घरास लागे. बाळंतपण करणे, नाळ कापणे, आईला व बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे, शेक-शेगडी, वेखंड-ओव्याची धुरी हे सर्व तिच्याकडे. मोबदला म्हणून धान्य, लुगडे-चोळी, नारळ आणि थोडे रोख मिळे. म्हणजे घरातील मुलाच्या पहिल्या दिवसापासून एक बाहेरची, कसबी आणि मोबदला घेणारी स्त्री तेथे हजर होती. तिची योग्यता मात्र विलक्षण रीतीने ठरलेली असे. नाळ कापणे हे अपवित्र काम, म्हणून ते पुष्कळ ठिकाणी आपण ज्यांस खालच्या मानीत होतो अशा ज्ञातींतील स्त्रियांकडे सोपविलेले. घरातील वंशाचा दिवा ज्या हातांत प्रथम पडे, त्या हातांना दहा दिवसांनंतर माजघराचा उंबरठा बंद होई. विटाळ फिटला की सुईणही दूर झाली!

सुईणीच्या ज्ञानाविषयी दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. आमच्या मते तिला अडाणी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. धीर देणे, कळा ओळखणे, अंग चोळून बाळंतिणीस उभी करणे यांत तिचा हातखंडा असे. परंतु जंतुसंसर्गाची कल्पना तिला कोणी दिलेली नव्हती. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात, बाळंतिणीचा ताप आणि अंधाऱ्या, धुराने कोंदलेल्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहणे, यांनी किती जीव घेतले याची मोजदाद नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी स्वतःचे तान्हे मूल गमावले होते. अमेरिकेत शिकून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत पोहोचविण्यासाठी डफरिन फंड निघाला, आणि पुढे सुईणींना शिकविण्याचेही प्रयत्न झाले. ते फार दूरवर पोहोचले नाहीत. शिकलेल्या वैद्यांना सुईण हलकी वाटे आणि सुईणीला दवाखाना परका वाटे, हे एक कारण आमच्या समजुतीप्रमाणे मोठे आहे.

आता घरातल्या घरात जे होत असे त्याकडे वळू. ते कोण करी? ज्या ज्ञातींत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव होता, आणि आपली ज्ञाती त्यांत मोडत होती, त्या ज्ञातींत बहुतेक प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादी आत्या, काकू किंवा मावशी अशी असे की जिचे स्वतःचे असे काहीच नव्हते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. कायद्याने रूढी हलली नाही. ही आलवणातील बाई पहाटे उठून पाणी तापवी, भावजयांची बाळंतपणे काढी, पोरांची दुखणी निस्तरी, सासऱ्याचे अंथरूण स्वच्छ करी. ज्याला आपण एकत्र कुटुंबाची माया म्हणतो, तिचा फार मोठा भाग या बायांच्या बिनमोल श्रमांवर उभा होता. त्यांनी माया केली नाही असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांनी पोटच्या मुलांपेक्षा अधिक केली. परंतु त्यांना नको म्हणण्याची मुभा नव्हती, आणि वाटणीच्या वेळी त्यांच्या नावाने चूल मांडली जात नव्हती. कुलवृत्तांतात त्यांच्यासाठी बहुधा तीनच शब्द असतात : ‘बालविधवा, माहेरी राहिली.’ पुढील आवृत्तीसाठी माहिती गोळा करणाऱ्यांनी या तीन शब्दांपुढे ‘अमुक-अमुक मुलांस वाढविले’ एवढे लिहून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. अजून सांगणारी माणसे काही घरांतून आहेत.

या बायांच्या हातांतील कसबास घराबाहेर प्रतिष्ठा व वेतन मिळावे, हा विचार महाराष्ट्रात हळूहळू उभा राहिला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे, अशी सोय होती. मुलांची निगा सावित्रीबाई स्वतः पाहत. तेथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास फुले दांपत्याने दत्तक घेतले, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मधले, कर्व्यांचे अनाथ बालिकाश्रमाचे कार्य १८९६ मधले. या संस्थांनी विधवेला प्रथम आसरा व अक्षरे दिली.

शुश्रूषा हा व्यवसाय म्हणून कुलीन घरांपुढे ठेवण्याचे अवघड काम पुण्याच्या सेवासदनाने केले. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये भारत सेवक समाजाच्या गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन काढले. मुंबईस मलबारी व दयाराम गिडुमल यांनी त्याच नावाची संस्था आदल्याच वर्षी सुरू केली होती. शिवण, शिक्षिकांचे वर्ग यांना कोणाचा आक्षेप नव्हता. ससून रुग्णालयात विधवांना परिचारिकेचे व सुईणपणाचे शिक्षण देण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र अडचण आली. परपुरुषाच्या अंगास हात लावायचा, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याचे भांडे उचलायचे! घरी सासऱ्याचे तेच काम करताना जिचे सोवळे आड येत नव्हते, तीच बाई पगार घेऊन ते करू लागली की घराण्याची अब्रू जाते, हा न्याय आज आपणांस हास्यास्पद वाटतो. तेव्हा तो कोणास हसू येण्याजोगा वाटत नव्हता. रमाबाई स्वतः विधवा, एका थोर पुरुषाच्या पत्नी, राहणीत जुन्या वळणाच्या. म्हणूनच त्यांचा शब्द घराघरांतून मानला गेला. त्यांनी वसतिगृह काढले, मुलींवर स्वतः लक्ष ठेविले, आणि ज्या घरांनी प्रथम नाके मुरडली त्याच घरांतून पुढे बाळंतपणासाठी ‘सेवासदनाची नर्स’ बोलाविली जाऊ लागली.

घरकामास दुसरीकडे किती निराळा भाव आहे, याचा अनुभव पार्वतीबाई आठवले यांनी घेतला. या कर्व्यांच्या मेहुणी, विधवा, आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडलेल्या. १९१८ च्या सुमारास त्या अमेरिकेस गेल्या आणि इंग्रजी येण्यासाठी व उदरनिर्वाहासाठी तेथील कुटुंबांत घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये निघाले. ते आपल्या प्रत्येक वाचनालयात असावे.

येथवर आम्ही मध्यमवर्गीय घरांविषयी लिहिले. ज्या घरात आत्याही नाही आणि नर्सही परवडत नाही, तेथे काय होई, हे मुंबईच्या गिरणगावाने दाखविले. कोकणातून व घाटावरून आलेल्या स्त्रिया दिवसभर गिरणीत. तान्हे मूल चाळीच्या खोलीत. त्याने रडू नये म्हणून अफूमिश्रित बाळागोळी देण्याचा परिपाठ होता. १९२२ मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांनी पाहणी केली, तेव्हा गिरणीतील स्त्रियांची जवळजवळ सर्वच तान्ही मुले अफूवर निजविली जात असल्याचे त्यांना आढळले. त्या माता निर्दय नव्हत्या. मूल पाहणारे दुसरे माणूस नव्हते, त्याची जागा गोळीने घेतली होती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. गिरण्यांतील पाळणाघरांची सक्ती पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आली.

मूल सांभाळणे हे शास्त्र आहे, हे मराठी घरांस ताराबाई मोडक यांनी शिकविले. भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे धडे गिरवून, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेऊन, १९३६ मध्ये त्या दादरच्या शिशुविहाराकडे आल्या. दादरच्या सुखवस्तू पालकांची मुले त्यांच्याकडे आनंदाने येत. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आजच्या पालघरमधील) बोर्डीस गेल्या, तेव्हा आदिवासी पाड्यांवरील मुले येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथे रुजला. केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे असे दिसून आले की शाळेच्या वयाची मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी चालविली. धाकटे पाळणाघरात ठेवायचे आणि पलीकडे जाऊन पाटी घ्यायची. इतकी साधी गोष्ट. पण ती सुचण्यासाठी त्या मुलीची कड पाहावी लागली.

या कामात ताराबाईंच्या उजव्या हात अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांत वैधव्य. जुन्या रीतीने त्यांचेही आयुष्य एखाद्या घराच्या माजघरात पुतण्यांची आंघोळपाणी करण्यात गेले असते आणि कुलवृत्तांतात ते तीन शब्द आले असते. त्यांनी शिक्षण घेतले, बोर्डीस ताराबाईंना येऊन मिळाल्या, आणि १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सांभाळले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांस अंगणवाडी हेच मराठी मुलखात रुळलेले नाव मिळाले.

आजच्या आपल्या घरांत मात्र या परंपरेचा अर्धाच भाग पोहोचला आहे. ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांसाठी जी बाई येते, तिला आपण सरसकट ‘नर्स’ म्हणतो. ए.एन.एम. किंवा जी.एन.एम. झालेली नोंदणीकृत परिचारिका निराळी, आणि अनुभवाने किंवा चार-दोन महिन्यांच्या वर्गाने तयार झालेली सेविका निराळी. पहिलीचे काम दुसरीकडून करवून घेणे रोग्यास धोक्याचे. आणि दुसरीस स्वयंपाक-धुण्याच्या कामालाही जुंपणे तिच्यावर जुलमाचे. ब्युरोस दिलेल्या रकमेपैकी तिच्या हाती किती पडते, हेही थोडीच घरे विचारतात. घरकामगार स्त्रियांनी पुण्यात १९८० मध्ये काम बंद ठेवून पगारवाढीची व सुट्टीची मागणी केली, तेव्हा अनेक घरांस प्रथमच कळले की साप्ताहिक रजा ही आपल्या कचेरीपुरती गोष्ट नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. २०१७ मध्ये प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी असे ठरले. घरी येणाऱ्या बाईस असली कोणतीच आस्थापना नाही. तिचे मूल कोठे आहे, असे तिला विचारले तर बहुधा उत्तर मिळते : घरी, थोरलीकडे.