दादर-माटुंगा: प्लेगनंतरची वसाहत
१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या फोडून हवा-उजेड आणायचा आणि शहर उत्तरेला पसरवायचे, हा त्याचा बेत. दादर-माटुंग्याची वसाहत त्यातूनच आखली गेली. पण प्लेगच्या तडाख्यात सापडलेल्या गरिबांसाठी ती वसली, ही समजूत मला पटत नाही. इथे प्लॉट भाडेपट्ट्याने मिळत. घर बांधायचे ते घेणाऱ्याने, तेही उंचीचे आणि मोकळ्या जागेचे नियम पाळून. हे गिरणीकामगाराच्या आवाक्यातले नव्हते. पारसी कॉलनीच पाहा. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. बुटक्या इमारती, दोन्ही बाजूंना झाडे असलेले रुंद रस्ते आणि मधोमध पाच बागा: इतकी माणुसकीने आखलेली वस्ती मुंबईत विरळाच. शेजारच्या हिंदू कॉलनीतही आला तो नोकरदार मध्यमवर्ग.

कोणी म्हणेल, ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. बांधल्या खऱ्या, आग्रीपाड्यातल्या चाळी त्यांपैकीच. पण तिथे अख्खे कुटुंब एका खोलीत आणि संडास सामायिक. शिवाय वस्ती पाडली की तिथली माणसे कामाच्या जागेपासून लांब जाऊ शकत नसत. ती शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने शिरत. म्हणजे रोगाच्या भीतीने काढलेल्या योजनेत मोकळी हवा मिळाली ती भाडेपट्टा परवडणाऱ्यांना. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, तेव्हा गिरणगावातली दाटी तशीच होती.